जुन्या मुलामा दिलेल्या रेझरची स्वच्छता

आजोबांच्या पेटीत सापडलेला सोनेरी रेझर पाहताच चिंच किंवा भांड्यांची पावडर हाती घेऊ नका, कारण जिलेटला १९०४ साली पेटंट मिळाल्यानंतरच्या दशकांत बनलेल्या अशा अनेक रेझरांचे अंग पितळेचे असून त्यावर सोन्याचा किंवा निकेलचा अतिशय पातळ मुलामा असतो, आणि तो एकदा घासला गेला की परत येत नाही.

प्रथम जुने पाते काढून टाका. नंतर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घालून रेझर थोडा वेळ भिजवा आणि मऊ टूथब्रशने दातेरी कड व मुठीवरील नक्षी हलक्या हाताने साफ करा. रेझर उकळू मात्र नका. मीही एकदा उतावीळपणे उकळला आणि त्याचा मुलामा डागाळला. आपल्या खानदेशात बोअरचे पाणी जड असल्याने क्षारांचे पांढरे थर बसतात, म्हणून शेवटी गाळलेल्या पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच पुसावे. मूठ फिरवल्यावर उघडणाऱ्या रेझरची मूठ अडकत असेल, तर पकड लावू नये. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबावे.

पितळ उघडे पडलेच असेल, तर जळगावच्या सराफ बाजारात मुलाम्याची चौकशी करता येईल. माझ्या मते मात्र झिजलेला मूळ मुलामाच अधिक देखणा दिसतो.