जर्मनीत डोंगरावर जाताना बिअर सोबत न्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: म्युनिकला नवीन आहात. ऑफिसातले लोक सप्टेंबरमध्ये दोन दिवसांच्या ट्रेकला नेणार आहेत, राइनटाल दरीच्या वाटेने त्सुगश्पिट्झेवर, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात उंच शिखरावर. प्रत्येकजण सॅकमध्ये दोन बिअर घेणार म्हणतोय. तुम्हाला बिअर आवडते, पण सह्याद्रीत भटकून मोठे झालात आणि गडावर दारू म्हटलं की डोकं फिरतं. न्यावी की नाही, आणि प्यायली तर कधी?

माझं उत्तर: नेऊ नका, पण प्या. तिथे पोचून, त्या दिवसाचं चालणं पूर्ण संपल्यावर, आणि तिथलीच.

मी बरीच वर्षं इथे आहे आणि उन्हाळ्यातले शक्य तेवढे शनिवार-रविवार डोंगरात घालवते. त्यामुळे आधी मनातली अडचण सोडवू. गडावर बाटली दिसली की आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. गडावर देऊळ असतं, पिण्याच्या पाण्याचं टाकं असतं, वर जाणारा माणूस कुठेतरी चपला काढून माथा टेकतो. तिथल्या काचा वेचायला दर पावसाळ्यानंतर पोरं पोती घेऊन चढतात. दारू पिऊन गडावर धिंगाणा घालणाऱ्यांवर दारूबंदी कायद्याखाली कारवाई होऊ शकते हे तुम्हाला माहीत असेलच. मी घरी आले की गडावर जाताना सॅकमध्ये ताक असतं, आणि तसंच असावं असं मला मनापासून वाटतं. पण आल्प्समधली ह्युट, म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर, वेगळी गोष्ट आहे. तिथे जेवण शिजतं, गाद्या असतात, आणि बिअर जेवणाचाच भाग असते. शेजारच्या बाकावर आजी-आजोबा नातवंडांसोबत बसलेले असतात. कुणी आरडाओरडा करत नाही. रात्री दहाला दिवे मालवून सगळे गप्प होतात, तसा नियमच असतो. तिथे बसून एक ग्लास घेताना गडाचा अपमान केल्यासारखं वाटायचं काहीच कारण नाही.

आता सोबत का न्यायची नाही ते सांगते. काचेची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली जवळपास 900 ग्रॅम भरते. दोन घेतल्या तर पावणेदोन किलोच्या वर गेलात, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्याही तुम्हीच वाहायच्या. कॅन हलका, अर्ध्या किलोपेक्षा थोडा जास्त, पण दिवसभर सॅकमध्ये हिंदकळून तो कोमट होतो आणि उघडल्यावर अर्धा फेस होऊन हातावर येतो. त्यात ह्युटच्या बाकावर बसून आपली बिअर उघडणं इथे असभ्य मानतात. ज्यांनी ती जागा वर्षानुवर्षं चालवली त्यांचं पोट त्या विक्रीवर आहे. काही ह्युटना जीपचा रस्ता असतो, काहींना सामानापुरता रोपवे, काहींना चक्क हेलिकॉप्टर. म्हणून ग्लासमागे दोन पैसे जास्त पडतात, ते मला कधीही जास्त वाटत नाहीत. रोख पैसे मात्र घेऊन जा, प्रत्येक ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही.

खाली दरीत, बिअरगार्टनमध्ये, म्हणजे झाडांखाली बाकं मांडलेल्या बिअरच्या बागेत, गंमत उलटी आहे. बव्हेरियाच्या राजाने 1812 मध्ये म्युनिकच्या ब्रुअरींना आपल्या बागेत बिअर विकायला परवानगी दिली, पण जेवण विकायला बंदी घातली, कारण खानावळवाल्यांनी तक्रार केली होती. त्यातून पडलेली प्रथा आजही टिकून आहे: खऱ्या बिअरगार्टनमध्ये खाणं घरचं चालतं, पेय तेवढं त्यांचं घ्यायचं. ट्रेकहून परतताना मी तिथे थालीपीठ आणि लसणाची चटणी काढून बसते, आणि हेलेस म्हणजे इथल्या साध्या सोनेरी बिअरसोबत ते इतकं जमतं की शेजारचे हटकून विचारतात. तुम्ही शाकाहारी असाल तर तिथला पांढरा मुळाही घ्या. एका सलग लांब चकलीसारखा कापून त्यावर मीठ घालतात आणि पाच मिनिटं तसाच ठेवतात. मीठ लागून त्याला पाणी सुटलं की तिखटपणा उतरतो, मग ब्रेत्सेलसोबत, म्हणजे इथल्या पीळ दिलेल्या खारट पावासोबत, खायचा. दिवसभर घाम गाळल्यावर ते मीठ अंगाला लागतं.

तरीही एखादा कॅन न्यायचाच असेल, समजा तंबू घेऊन जायचा बेत आहे आणि वाटेत ह्युट नाही, तर या गोष्टी सांभाळा. ऊन लागू देऊ नका. बिअरमधल्या हॉप्सवर, म्हणजे तिला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या अंशावर, उजेड पडला की तिला उग्र वास सुटतो, आणि तो हिरव्या व बिनरंगी बाटलीत लवकर येतो. तपकिरी बाटली बरीच वाचवते, कॅन पूर्णच. मुक्कामावर पोचल्या पोचल्या उघडू नका. हलवलेल्या कॅनमध्ये आतल्या भिंतीला बारीक बुडबुडे चिकटून असतात, झाकण उघडताच तेच बिअरला बाहेर ढकलतात. कॅन ओढ्याच्या पाण्यात दोन दगडांच्या मधे अर्धा तास उभा ठेवा. बुडबुडे सुटतात, बिअर गार होते, आणि गार बिअर वायू जास्त धरून ठेवते. ओढा नसेल तर ओला मोजा चढवून वाऱ्यावर टांगा. कोरड्या हवेत हा उपाय खरंच चालतो. कोकणातल्या दमट हवेत याच्यावर विसंबू नका.

इथे उन्हाळी गुरांच्या कुरणांवर लाकडाचे लांब हौद असतात, झाडाचा अख्खा बुंधा पोखरून केलेले. एका टोकाला झऱ्याची धार सतत पडत असते. कुरणवाले कधीकधी त्यातच बाटल्या बुडवून ठेवतात आणि बाजूला पैशांचा डबा असतो. बाटली बाहेर काढली की पाण्याने सुटलेलं लेबल तळहाताला चिकटतं आणि काचेच्या गारव्याने बोटं बधिर होतात. कुठल्याही फ्रिजमधली बिअर मला याच्या जवळपासही वाटत नाही. पैसे मोजून टाका, आणि रिकामी बाटली तिथल्या क्रेटमध्येच ठेवा. तुमच्या सोबतचा कॅन असेल तर खाली आणा. दुकानात त्याचे 25 सेंट परत मिळतात, बाटलीचे 8.

आता कधी प्यायची, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. तुमचा मार्ग पायथ्याच्या गार्मिश गावाहून पार्टनाख नदीच्या घळीतून राइनटालआंगर ह्युटपर्यंत जातो. ती 1369 मीटरवर आहे. पहिला दिवस लांब आहे पण चढ सौम्य. पोचल्यावर आधी लिटरभर पाणी प्या, कोरडे कपडे घाला, आणि मग एक बिअर मागवा. एकच. दुसऱ्या दिवशी शिखर 2962 मीटर, म्हणजे जवळपास 1600 मीटर चढायचं आहे. अल्कोहोल शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबतं, त्यामुळे एरवीपेक्षा जास्त पाणी बाहेर जातं, आणि जास्त प्यायलात तर सकाळी कोरडं पडलेलं अंग घेऊन उठायची तयारी होते. दुसरं, बिअरने ऊब येते हा भास आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, आणि नेमकी तीच उष्णता अंगातून निघून जाते. सप्टेंबरच्या संध्याकाळी त्या दरीत ऊन गेलं की गारठा झटक्यात येतो. जाकीट आधी, ग्लास नंतर.

वाटेत 2051 मीटरवर क्नोर ह्युट लागते. तुमचे सहकारी तिथे दुपारी बसतील, कुणीतरी नक्की ग्लास उचलेल. तुम्ही बिनअल्कोहोलची वाइसबिअर मागवा. ही गव्हाची बिअर असते, अल्कोहोल अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी, आणि इथे तिला कुणीही कमी लेखत नाही. मॅरेथॉन संपल्यावर धावपटूंना हीच देतात. चव भरलेली असते, पोट जड होत नाही. ह्युटच्या पुढे घसरडी खडी आहे आणि शिखराजवळ कातळावर लोखंडी दोर धरून चढायचं आहे. तिथे पाय किती अचूक पडतो यावर सगळं अवलंबून असतं, आणि एका ग्लासनेही तो अंदाज बिघडतो. आग्रह झाला तर सरळ सांगा, वर पोचल्यावर. इथले लोक एवढं सांगितल्यावर पुन्हा विचारत नाहीत, हा त्यांचा मला फार आवडणारा गुण आहे.

जाता जाता दुसरं एक ठिकाण सुचवते, कारण त्सुगश्पिट्झेआधी पाय मोकळे करायला ते उत्तम आहे. लोकलने हेर्शिंगला उतरा, कीनटालच्या झाडीतून ओढ्याच्या काठाने तासाभरात आंडेक्सच्या मठाशी पोचता. तिथे 1455 मध्ये बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे साधू आले आणि बिअर ते स्वतःच्या ब्रुअरीत करतात. त्यांची काळसर डोपेलबॉक, म्हणजे कडक जातीची बिअर, 7.1 टक्के अल्कोहोलची आहे. गोडसर, दाट, भाजलेल्या धान्याच्या चवीची. मात्र परतीची वाट उताराची आणि पानगळीत निसरडी असते. दोघांत एक ग्लास घ्या, किंवा परतीला बस धरा.

शिखरावर मात्र कशालाच हरकत नाही. 1820 मध्ये योझेफ नाउस याच राइनटालमधून वर गेला होता, ते त्या शिखरावरचं पहिलं नोंदलेलं आरोहण. आज तिथे म्युन्शनर हाउस आहे, 1897ची ह्युट, आणि तिच्या कठड्यापाशी बसून हेलेस मागवता येते. समोर ऑस्ट्रियातल्या रांगा पसरलेल्या असतात. चढ संपलेला असतो आणि उतरायचं पायी नसतं, कारण खाली आइबझे तलावापर्यंत रोपवे जातो. तेव्हा अर्धा लिटर पूर्ण घ्या, सावकाश घ्या, ग्लास टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, इथली तशी रीत आहे. उंचीवर बिअर लवकर चढल्यासारखी वाटते, म्हणून सोबत खायला काहीतरी असू द्या. आइबझेला कुणाची गाडी उभी असेल तर चालवणाऱ्याने यातलं काही घेऊ नये. आणि शेवटची केबिन किती वाजता सुटते ते फलकावर बघा, बिअर मागवायच्या आधी.