इचिरोवरचा तुझा मसुदा

प्रिय मित्रा,

सिएटलच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तू जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीवर लिहिलेला लेख वाचला. ‘महान’ आणि ‘अद्वितीय’ आधी काढून टाक. आकडे बोलतील, फक्त ते उघडून दाखवायला हवेत.

आपला वाचक क्रिकेटवर वाढलेला. ‘२००४ मध्ये सरासरी .३७२’ वाचून तो बुचकळ्यात पडेल. तिथंच हिशेब दे: ७०४ ॲट-बॅट (सरासरीसाठी धरलेल्या फलंदाजीच्या पाळ्या), २६२ हिट (फटका मारून बेस गाठणं), २६२ भागिले ७०४ म्हणजे .३७२. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत हेही सांग, नाहीतर कुणीतरी सगळ्या पाळ्या मोजून तुझी चूक काढेल. त्या २६२ पैकी २२५ सिंगल, म्हणजे फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणारे हिट, होते. ताकदीपेक्षा पळण्याचा वेग आणि मोकळी जागा हेरणारी नजर, लेखाचा गाभा हा. होमरनच्या, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्यांच्या, मागे लागू नकोस.

एका हंगामातल्या सर्वाधिक हिटचा आधीचा विक्रम जॉर्ज सिसलरचा, १९२० चा, २५७ हिटचा. पण तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा होता, इचिरोच्या वेळी १६२ चा. हे दडवलंस तर जाणकार पुढचं काहीच खरं मानणार नाही. सरळ लिही आणि शेजारी १९९४ ठेव: जपानमध्ये ओरिक्स संघाकडून १३० सामन्यांत २१० हिट. मग सामन्यांच्या संख्येचा आक्षेप बराच ढिला पडतो.

त्याच्या कारकिर्दीतले ४३६७ हिट ही बेरीज आहे, जपानचे १२७८ आणि अमेरिकेचे ३०८९. सर्वाधिक हिटचा विक्रम असलेल्या पीट रोझचे ४२५६ सगळे मेजर लीगमधले (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग), म्हणून ‘रोझचा विक्रम मोडला’ हे वाक्य खोड. सत्ताविसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये येऊन तीन हजार ओलांडले, एवढं पुरे.

क्षेत्ररक्षणाला एकच ओळ? हे काही पटलं नाही. दहा गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) वाचक विसरेल, ११ एप्रिल २००१ ची फेक विसरणार नाही. ओकलंड संघाचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे धावतोय, आणि राइट फील्डमधून (मैदानाच्या उजव्या टोकाकडून) इचिरोनं फेकलेला चेंडू टप्पा न पडता थेट तिसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये. लाँग बाद. राइट फील्डपासून तिसरा बेस लांब पडतो, म्हणूनच तिथं दमदार हाताचा खेळाडू लावतात, हे एका वाक्यात समजाव.

हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचं सन्मान-दालन, झटपट उरक. निवृत्तीनंतर पाच हंगाम थांबावं लागतं, ७५ टक्के मतं लागतात. त्याला ३९४ पैकी ३९३ मिळाली. उरलेलं एक मत कुणाचं यावरचा तुझा परिच्छेद उडव, फेकीला तेवढी जागा मिळेल. सिएटलच्या मरिनर्स संघानं ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा ५१ क्रमांक निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला न देण्याचं ठरवलं, तिथं पिचर (चेंडू टाकणारा) रँडी जॉन्सनचं नाव घे. सिएटलमध्ये हा क्रमांक आधी जॉन्सनच्या पाठीवर होता, आणि तिथला जुना प्रेक्षक ते शोधणारच.

एवढं करून मसुदा परत पाठव.