वाचक विचारतात : भाऊजींकडचे दीड लाख

प्रश्न : वकीलताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकाम करते. १४ ऑगस्ट २०२३ रोजी चुलत दिरांना टेम्पोसाठी १,६०,००० रुपये उसने दिले. अधिक श्रावण चालला होता, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. एक लाख बँकेतून पाठवले, साठ हजार रोख दिले, ते माझ्या भिशीचे. घरातलाच माणूस म्हणून लिहून काही घेतलं नाही. २०२४च्या गणपतीत त्यांनी मोबाइलवरून १०,००० पाठवले. तेव्हापासून नुसते मेसेज : ‘वहिनी, दिवाळीला बघतो’, ‘वहिनी, उसाचं बिल येऊ दे’. पैसे घेताना त्यांनी सही केलेला एक कोरा चेक माझ्याकडे ठेवला होता, तो कपाटात आहे. सासूबाई म्हणतात, घरातलं भांडण कोर्टात न्यायचं नाही. परदेशातली भाची म्हणते, तिकडे छोट्या रकमांसाठी वेगळं, सोपं कोर्ट असतं. आपल्याकडे तसं काही आहे का?

उत्तर : ताई, भाचीच्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी ती अधिक श्रावणातली तारीख.

उसने दिलेले पैसे वसूल करायला दावा लावण्याची मुदत तीन वर्षं आहे. हा १९६३चा मुदतीचा कायदा. परत करायचा दिवस ठरलेला नसेल, तर ही तीन वर्षं पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात. आपण पहिल्यांदा मागितले तेव्हापासून नाही, त्यांनी ‘देत नाही जा’ म्हटलं तेव्हापासूनही नाही. इथे भलेभले चुकतात. तुमची मुदत १४ ऑगस्ट २०२६ला संपते, त्या दिवशी शुक्रवार आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दोनेक महिने उरलेले असतील. दिवाळी आणि उसाचं बिल ही दोन्ही त्या शुक्रवारानंतर येतात, हे भाऊजींना ठाऊक असेलच असं मी म्हणत नाही. पण येतात.

तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून माझंही सांगते. बाररूममधल्या, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतल्या, एका सहकाऱ्याला मी ४०,००० रुपये दिले होते. रोज समोरासमोर बसून चहा घ्यायचो, मागायची लाज वाटायची. एक दिवस हिशेब केला तर तीन वर्षं आणि अकरा दिवस झालेले. दुसऱ्यांच्या मुदती वहीत लाल शाईने लिहून ठेवणारी बाई मी.

‘पण त्यांनी दहा हजार दिले, म्हणजे मुदत पुढे गेली ना?’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. ते अर्धं खरं आहे. मुदतीच्या आत काही रक्कम फेडली तर तिथून नवी तीन वर्षं मिळतात, मात्र त्या फेडीची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची हवी. त्यांनी दहा हजारांचा चेक दिला असता तर सही आपोआप आली असती. मोबाइलवरून आलेले पैसे आणि नंतरचा मेसेज मिळून ‘सहीची नोंद’ होते का, यावर कोर्टात वाद होणार. तो वाद तुमच्या वकिलांनी जरूर घालावा, पण तुम्ही त्याच्या भरवशावर ऑगस्ट जाऊ देऊ नका.

त्यापेक्षा सोपं काम आहे. भाऊजींना घरी बोलवा आणि कागदावर एवढंच लिहून घ्या : ‘१४ ऑगस्ट २०२३ रोजी मी अमुक यांच्याकडून १,६०,००० रुपये उसने घेतले. पैकी १०,००० परत केले. १,५०,००० देणे आहे.’ खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार. मुद्रांक किती लागेल ते कागद करण्याआधी वकिलाला विचारा. बिनतिकिटाची वचनचिठ्ठी कोर्ट पुराव्यात घेत नाही आणि तिथे नंतर दंड भरूनही भागत नाही. हा कागद १४ ऑगस्टच्या आत झाला, तर सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात.

आणि यात एका शब्दाची गंमत आहे. मुदत संपायच्या आत ‘देणे आहे’ एवढी कबुली पुरते. मुदत संपल्यावर तेच वाक्य निरुपयोगी. तेव्हा ‘देईन’ असं लेखी, सहीचं वचन लागतं. ते मिळालं तर १८७२च्या करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने बुडालेलं येणंही जिवंत होतं. पण तीन वर्षं ‘देईन’ म्हणणारी माणसं नेमकी तेव्हा ‘देईन’ लिहायला तयार होत नाहीत.

भाऊजींनी सही दिली नाही तर कपाटातला चेक बाहेर काढा. कोरा चेक आपणच भरला तर खोटेपणा होईल, अशी भीती बऱ्याच जणींना असते. देणं खरं असेल आणि चेक त्यांनी स्वतः सही करून दिला असेल, तर तो नंतर भरल्याने बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे स्पष्ट केलं आहे. मात्र रक्कम १,५०,००० लिहा. १,६०,००० लिहिलीत तर केस तिथेच अडखळेल, कारण मधे दहा हजार फेडले गेलेत आणि चेक वटवायच्या दिवशी तेवढं देणं उरलेलं नव्हतं. दहा हजारांच्या मोहापायी दीड लाखाची केस गेलेली मी पाहिली आहे.

चेकवर टाकलेल्या तारखेपासून तीन महिन्यांत तो तुमच्या बँकेत भरा. न वटता परत आला तर बँकेने तसं कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. नोटीस मिळाल्यापासून त्यांना १५ दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. ही तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात करता येते, भाऊजींच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा समन्स घरी पोहोचलं की माणूस बोलायला येतो. पण चेकची केस चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबून राहत नाही. नुसत्या नोटिशीनेही थांबत नाही.

आता भाची. इंग्लंडमध्ये साधारण १०,००० पौंडांपर्यंतच्या वसुलीसाठी वेगळी, बिनवकिलाची म्हणावी अशी व्यवस्था आहे, हे खरं. आपल्याकडे नावाने जवळचं म्हणजे लघुवाद न्यायालय. मुंबईचं तर १८८२च्या कायद्याखालचं. पण तिथे गर्दी असते ती घरमालक-भाडेकरूंची. तुम्हाला जायचं आहे ते तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तर. लेखी करार हाती असेल तर ‘समरी’ दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला आपोआप बचाव करता येत नाही, आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते आणि ती का द्यावी हे सांगावं लागतं. म्हणून त्या एका सहीच्या कागदासाठी मी एवढी मागे लागले आहे. कागद नसेल तर साधा दावा : बँकेचा उतारा, मेसेज, भिशीतल्या बायकांची साक्ष. मेसेज पुराव्यात आणायचे तर सोबत ठरावीक नमुन्याचं प्रमाणपत्र लागतं. तोवर फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

साठ हजार रोख दिले म्हणून घाबरू नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसनवार रोखीने घेऊ नये असा आयकराचा नियम आहे, पण त्याचा दंड घेणाऱ्याला. तेवढ्याने देणं बुडत नाही. सिद्ध करणं तेवढं अवघड जातं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय शोधा. स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा त्यात येते. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगते आणि प्रत्येक वेळी समोरच्या बायका एकमेकींकडे बघतात.

सासूबाईंना सांगा, दाव्याआधी लोक अदालतीत बसू. तिथे साक्षी-उलटतपासणी नसते, दोघांना समोर बसवून हप्ते ठरवतात. झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, म्हणजे दाव्याच्या निकालावर निघणाऱ्या हुकमासारखाच, वसूल करता येतो आणि त्यावर अपील नाही. तिथली तारीख ऑगस्टनंतरची मिळाली, तर मात्र दावा आधी दाखल करा. दाखल दावाही लोक अदालतीत ठेवता येतो, आणि मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. भाऊजींशी बोलणं तुटू नये हे मलाही कळतं. आत्ता तरी कुठे बोलताय? ते मेसेज करतात आणि तुम्ही वाचता.

प्रश्न : मी ओळखीतल्या सात-आठ जणांना शेकडा तीनने पैसे दिले आहेत. दोघे व्याजही देत नाहीत आणि मुद्दलही. दावा लावू का?

उत्तर : परवाना आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसावा. महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही, आणि विनापरवाना धंद्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. एखाद्याला अडीनडीला हातउसने देणं वेगळं आणि सात-आठ जणांकडून महिन्याच्या महिन्याला व्याज घेणं वेगळं. दाव्याचा विचार सोडा आणि आधी स्वतःसाठी वकील गाठा.

प्रश्न : २०२१ साली मला ८५,००० रुपयांचा हुकूमनामा मिळाला. बेलिफ दोनदा जाऊन ‘जप्तीयोग्य काही मिळाले नाही’ असा शेरा घेऊन आला. हुकूमनामा भिंतीवर लावू का?

उत्तर : लावू नका, बारा वर्षं चालतो तो. २०३३ पर्यंत वेळ आहे.

बेलिफाला दोष देऊ नका. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुण-पांघरुण, कारागिराची हत्यारं, बाईच्या गळ्यातलं धर्माने काढू नये असं लेणं, यांतलं काही जप्त होत नाही. एका जप्तीच्या वेळी मी हजर होते. घरात उरलं ते एक टेबल आणि बंद टीव्ही. पंचांनी टीव्हीची किंमत दोनशे लावली, तेवढ्याचा टेम्पो लागला असता.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे : ‘आता तो एका कारखान्यात कायम झाला, बावीस हजार पगार आहे.’ ही ओळ पहिली हवी होती. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी रक्कम जप्त करता येते. कुठला भत्ता वगळायचा नसेल तर बावीस हजारांतून १,००० गेले, २१,००० उरले, त्याचा तिसरा हिस्सा महिना ७,०००. अशी कपात जास्तीत जास्त २४ महिने चालते. तुमचे ८५,००० तेराव्या महिन्यात पुरे होतात, वरचं व्याज आणि दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनामा बजावण्यासाठी कोर्टात केलेल्या अर्जाचा, खर्च त्यापुढे. खासगी कारखान्यालाही हा हुकूम लागू होतो. मालकाने कपात केली नाही तर तेवढ्या रकमेला तो स्वतः जबाबदार धरला जातो.

नव्या दरखास्तीत कारखान्याचं नाव, पत्ता आणि त्याचा कामगार क्रमांक लिहा. सोबत आणखी एक अर्ज द्या : त्याने आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी. हुकूम होऊनही यादी दिली नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. कामगार क्रमांक कुठून आणायचा, असं विचाराल. कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर एक सकाळ काढा.