सोयाबीनचे दूध कॉफीत फाटते. ओटचे किंवा बदामाचे घ्यावे काय?

आपण विचारले आहे की, घरी जनावराचे दूध पचत नाही, सोयाबीनचे दूध गरम कॉफीत घातले की फाटते आणि वाफ दिली की त्याला मोठमोठे बुडबुडे येतात. तेव्हा दुसरे कोणते दूध घ्यावे. वर्धा जिल्ह्यातील एका गावात रस्त्यालगत माझे कॉफीचे लहानसे दुकान आहे आणि माझे स्पष्ट मत आहे की आपण सोयाबीन सोडू नये. फेस धरून ठेवायला प्रथिने लागतात आणि ती सोयाबीनच्या दुधात जवळपास गाईच्या दुधाइतकी असतात, बदामाच्या दुधात मात्र फारच थोडी. ओटचे दूध चवीला खरोखर चांगले, पण कारखान्यात विकरे (एन्झाइम) घालून त्यातील स्टार्च साखरेत मोडलेला असतो. घरी ओट वाटून केलेले दूध तापवले की खळीसारखे चिकट होते.

कॉफीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आंबट) साधारण ५ असतो, सोयाबीनची प्रथिने ४.५ च्या आसपास गोळा होतात आणि उष्णता जास्त असेल तर त्याआधीच. म्हणून कमी आंबट, जास्त भाजलेली कॉफी घ्यावी. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचे कॉफीचे दाणे मिळाले तर तेही गडद भाजावेत. कॉफी दोन मिनिटे निवू द्यावी आणि कोमट केलेल्या दुधात ती हळूहळू ओतावी, गार दूध कढत कॉफीत ओतू नये.

दूध घरी करत असाल तर पेरणीतून उरलेले बियाणे कदापि वापरू नका, त्याला बीजप्रक्रियेचे औषध लावलेले असते. खाण्याचे स्वच्छ दाणे रात्रभर भिजवून, साले काढून, उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावेत आणि मगच वाटावेत, म्हणजे तो उग्र कच्चा वास येत नाही. गाळलेले दूध मोठ्या गंजात पंधरा-वीस मिनिटे नीट उकळावे (ते फार लवकर उतू जाते). कच्च्या सोयाबीनमधील पचनाला बाधक घटक उकळल्यानेच निष्प्रभ होतात.

वाफ देताना दूध फ्रीजमधले गार असावे आणि जग अर्ध्यापेक्षा कमी भरलेला. कॉफी यंत्राच्या वाफेच्या नळीतले साचलेले पाणी आधी वाफेसह बाहेर सोडावे. नळीचे टोक पृष्ठभागाच्या अगदी लगत धरले की कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येतो. तो दोन-तीन सेकंदच येऊ द्यावा, मग टोक थोडे खाली नेऊन दूध गरगर फिरू द्यावे. मोठे बुडबुडे येतात ते हवा फार वेळ आणि उशिरा घेतल्यामुळे. ५५ ते ६० अंशांवर, म्हणजे जगाला तळहात टेकवून ठेवणे अवघड होऊ लागताच, वाफ बंद करावी. त्यापुढे सोयाबीनच्या दुधात कणी धरते. यंत्र नसेल तर त्याच तापमानाचे दूध हातरवीने घुसळले तरी चालते, फेस थोडा जाडसर होतो इतकेच. जग हलवत राहून दूध लगेच कपात ओतावे आणि नळी ओल्या फडक्याने ताबडतोब पुसावी, कारण सोयाबीनचा थर वाळला की खरवडूनच काढावा लागतो.