पर्ल हार्बरची टगबोट ‘होगा’ हल्ल्यात काय करत होती, नंतर तिचं काय झालं?

होगा (नौदल क्रमांक वायटी-146) म्हणजे अमेरिकी नौदलाची 100 फुटी टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी-ढकलणारी बोट; बांधणी न्यूयॉर्कची, जलावतरण 31 डिसेंबर 1940. डिझेल-इलेक्ट्रिक असल्याने पाण्यातला पंखा (प्रोपेलर) थेट इंजिनाला जोडलेला नाही. इंजिन जनरेटर फिरवतं, त्या विजेवरची मोटर पंखा फिरवते. त्यामुळे अगदी मंद गतीतही पूर्ण ओढ मिळते आणि चटकन उलटं फिरवता येतं. जळत्या जहाजाला चिकटून काम करताना हेच लागतं.

7 डिसेंबर 1941 ला जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर नौदल तळावर हल्ला केला, तेव्हा तिने दोर टाकून दुरुस्ती-जहाज ‘व्हेस्टल’ला पेटलेल्या युद्धनौका ‘ॲरिझोना’पासून ओढून काढलं. मग युद्धनौका ‘नेव्हाडा’. ती खाडीच्या तोंडात बुडाली असती तर बंदराची वाटच अडली असती. होगाने तिच्या नाळेला (पुढच्या टोकाला) बिलगून एकीकडे ढकललं, दुसरीकडे पुढच्या डेकवरच्या आगीवर पाणी मारलं, आणि तिला किनाऱ्याला लावायला मदत केली. पुढे 9 तारखेपर्यंत ती युद्धनौकांच्या रांगेतल्या आगी विझवत राहिली. फेब्रुवारी 1942 मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमित्झ यांनी खलाशांचा लेखी गौरव केला, तो रास्तच.

1948 पासून ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची अग्निशमन बोट होती, चार दशकांहून जास्त. 1989 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा. 2015 पासून आर्कान्सामधल्या नॉर्थ लिटल रॉकच्या संग्रहालयात आहे.