सिम्प्सन्सचा 'द शिनिंग'वाला भाग पाहण्याआधी मूळ चित्रपट पाहायला हवा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेच्या 'ट्रीहाउस ऑफ हॉरर ५' या भागात कशाकशाचं विडंबन आहे आणि ते कळायला मूळ कलाकृती आधी पाहाव्या लागतात का. ३० ऑक्टोबर १९९४ ला आलेल्या या भागात तीन कथा आहेत. पहिलीसाठी मूळ चित्रपट जरूर पाहा. बाकी दोन थेट पाहिल्या तरी चालतील.

'द शिनिंग' ही पहिली कथा स्टॅन्ली क्युब्रिकच्या १९८० च्या 'द शायनिंग'वर बेतली आहे. हिवाळ्यात बंद असलेलं हॉटेल, राखणीला आलेलं कुटुंब, वेडा होत जाणारा बाप, हा सांगाडा तसाच ठेवलाय. बदललंय ते वेडाचं कारण. चित्रपटातला बाप जॅक नेमका कशाने बिघडतो, हे क्युब्रिक शेवटपर्यंत सरळ सांगत नाही. इथे हॉटेलचा मालक बर्न्स जाताजाता टीव्हीची केबल तोडतो आणि बिअर हटवतो, एवढंच बापाला, म्हणजे होमरला, पुरतं. सगळी गंमत इथून निघते.

टाइपरायटरचा प्रसंग नीट बघा. चित्रपटात जॅकची बायको वेंडी हिला पानोपानी टाइप केलेलं एकच वाक्य सापडतं. होमरची बायको मार्ज हिला मात्र कागदावर 'मजेत आहे' एवढंच दिसतं आणि तिला हायसं वाटतं. तेवढ्यात वीज चमकते, आणि टीव्ही नाही, बिअर नाही म्हणून होमर वेडा होतो, अशा वाक्याने भरलेल्या भिंती दिसतात. मूळ पाहिलेल्याला जे हवं असतं ते आधी नाकारायचं आणि मग भिंतभर द्यायचं, ही विडंबनाची फार वरच्या दर्जाची कारागिरी आहे.

दाराचा प्रसंग आपल्याकडे बऱ्याच जणांचा अर्धा निसटतो, कारण त्याच्या मुळाशी अमेरिकन टीव्ही आहे. कुऱ्हाडीने दार फोडून जॅक 'हिअर्स जॉनी' म्हणतो. जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये रोज रात्री त्याला याच शब्दांत मंचावर बोलावत. होमर तेच ओरडतो, पण खोली रिकामी असते. दुसऱ्या दाराला तो डेव्हिड लेटरमन या दुसऱ्या टीव्ही सूत्रसंचालकाचं नाव घेतो, तर आत आजोबा. तिसऱ्या दाराला '६० मिनिट्स' या बातम्यांच्या कार्यक्रमाच्या वार्ताहरांची नावं ओळीने घेतो, तेव्हा कुठे कुटुंब सापडतं. कार्सन १९९२ मध्येच निवृत्त झाला होता, म्हणजे १९९४ च्या प्रेक्षकाला ही नावं अगदी ताजी होती.

लिफ्टमधून रक्ताचा लोंढा येतो, तेव्हा बर्न्स शांतपणे म्हणतो की एरवी रक्त दुसऱ्या मजल्यावर उतरतं. मूळ दृश्याची दहशत ठाऊक नसेल, तर हे वाक्य सपाट वाटेल.

दुसरी कथा रे ब्रॅडबरीच्या १९५२ च्या 'अ साउंड ऑफ थंडर' या कथेवरून घेतली आहे. तिथे भूतकाळात फुलपाखरू चिरडलं जातं, इथे होमर डास मारतो. टोस्टरचं कालयंत्र झालंय एवढं कळलं की पुढचं आपोआप कळतं. शिक्षक मुलांना खातात ती तिसरी कथा 'सॉयलेंट ग्रीन' या चित्रपटातल्या, माणसांचंच अन्न होण्याच्या कल्पनेवर उभी आहे, पण त्यातल्या दृश्यांशी खेळत नाही, म्हणून विडंबन म्हणून मला ती तिघींत कच्ची वाटते. तिन्ही कथांत शाळेचा माळी विली मदतीला धावतो आणि पाठीत कुऱ्हाड खातो. चित्रपटातला हॉटेलचा आचारी हॅलोरनही मदतीला येऊन कुऱ्हाडीनेच मरतो. चित्रपट ज्यावरून घेतला त्या स्टीफन किंगच्या कादंबरीत मात्र तो वाचतो, त्यामुळे इथे चित्रपटच धरलाय हे उघड आहे.

'द शायनिंग'च्या दोन आवृत्त्या मिळतात. अमेरिकेबाहेरची सुमारे २५ मिनिटांनी छोटी आहे. वर सांगितलेले प्रसंग दोन्हींत आहेत, तेव्हा हाताला येईल ती लावा.