सरकारी नोकरीच्या अर्जासोबतचा बायोडेटा कसा लिहावा?

जिल्हा परिषदेतील कंत्राटी पदाच्या अर्जासोबत बायोडेटा मागितला आहे, तो कसा असावा, असे आपण विचारले आहे. प्रथम जाहिरातीतील शैक्षणिक अर्हता व अनुभवाचा परिच्छेद शब्दशः वाचावा आणि आपली माहिती त्याच क्रमाने मांडावी, कारण छाननी करणारे कर्मचारी आकर्षक मांडणी शोधत नसतात. प्रत्येक अटीपुढे पुरावा जोडला आहे की नाही, हेच ते ताडून पाहतात.

माझ्या मते सर्वाधिक काळजी अनुभवाच्या रकान्यात घ्यावी. ‘तीन वर्षांचा अनुभव’ असे मोघम न लिहिता ‘17 जून 2019 ते 30 जून 2022, डेटा एंट्री ऑपरेटर, पूर्णवेळ’ असे लिहावे आणि याच तारखा व हेच पदनाम अनुभव प्रमाणपत्रावर आहेत का, हे पडताळावे. टंकलेखनाचा उल्लेखही ‘मराठी 30 शब्द प्रति मिनिट’ असा वेगासह करावा.

नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे असावे. विवाहानंतर ते बदलले असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्राची किंवा राजपत्राची प्रत जोडावी. गुणपत्रिकेवर केवळ श्रेणी असेल, तर विद्यापीठाच्या सूत्रानुसार टक्केवारी काढून लिहावी. छंद, जीवनध्येय आणि रंगीत चौकटी खुशाल वगळाव्यात. जाहिरातीत विहित नमुना दिलेला असल्यास मात्र स्वतःचा बायोडेटा न बनवता तोच नमुना भरावा.